डॉक्टर अप्पांची मांडी

डॉक्टर अप्पा रोग्याला आधी चालताना बघत, मग खुर्चीत बसताना, आणि नाव सगळ्यात शेवटी विचारत. कारण विचारलं तर म्हणत, "दुखतंय गुडघा अन् माणूस सांगतो कंबर. म्हणून मी आधी चाल बघतो."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा होता आणि नळ कोरडे. अप्पा हाडांचे डॉक्टर. प्लास्टर घालायचं असेल तर कळशीभर पाणी घरून आणावं, असा त्यांचा दुष्काळी नियम. मात्र दुखऱ्या गुडघ्याच्या माणसानं स्वतःच कळशी उचलून आणली, की ते पाणी ठेवून घेत आणि त्याला झापत. गुडघेदुखीवाल्यांना जमिनीवर मांडी घालायची सक्त बंदी होती. "जेवण टेबलावर, पूजा खुर्चीवर, भांडण उभ्यानं," असं ते प्रत्येकाला बजावत.

माझी धाकटी बहीण मंगल खो-खो खेळायची. नव्या जिल्ह्याचा मुलींचा पहिलाच संघ निवडला जाणार होता, आणि त्याच्या काही आठवडे आधी खांबाशी वळताना तिचा गुडघा पिरगळला. अप्पांनी तपासून सांगितलं, आतला बंध ताणलाय, तुटलेला नाही. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा व्यायाम दिला. मग शिंप्याची टेप काढून दोन्ही पायांचा गुडघ्यावरचा घेर मोजला. दुखरा पाय दोन सेंटीमीटर बारीक भरला. दोन्ही सारखे होईपर्यंत मैदान बंद. मोजून बोलणारा हा डॉक्टर मला तिथंच आवडला. मंगलला अजिबात नाही.

निवडीच्या आदल्या सकाळी पुन्हा मोजायचं होतं. आम्ही जरा लवकरच पोचलो. दवाखान्यामागच्या त्यांच्या घरातून हाक आली, "कुणी हाय का बाहेर?" आत गेलो तर अप्पा पाटावर मांडी घालून बसलेले. अप्पा लिंगायत; तळहातावर घेऊन पुजायचं इष्टलिंग पूजा आटोपून पुन्हा गळ्यात गेलेलं, पण उठता येत नव्हतं. गुडघे कधीचे झिजलेले. रोज काकू हात देऊन उठवत, आणि आज त्या टँकरच्या रांगेत अडकल्या होत्या.

मी पुढं झालो, तर मंगलनं मला मागं ओढलं.

"आधी चालून दाखवा की अप्पा," ती म्हणाली.

"पोरी, थट्टा नको. उठव."

"पूजा खुर्चीवर म्हणता ना?"

अप्पा ओशाळले. तळहातावर लिंग घेऊन बसायचं तर वडिलांपासूनचं आसन मोडवत नाही, म्हणाले. मंगल म्हणाली, मलाही मैदान सोडवत नाही.

त्यांनी शेजारी ठेवलेली टेप उचलली. "माप भरलं तर खेळ," ते म्हणाले. "न्हाई भरलं तर तू घरी, अन् उद्यापासून मी खुर्चीत. कबूल?"

"कबूल. आयुष्यभर हं."

आम्ही दोघांनी धरून त्यांना उठवलं. त्यांनी टेप लावली. घेर अर्धा सेंटीमीटर कमी होता. मंगलनं पुन्हा मोजायला लावलं. मीही वाकून आकडा वाचला. तोच होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणी मैदानावर गेल्या, तेव्हा मंगल मला घेऊन अप्पांकडे गेली, खातरजमा करायला. अप्पा खुर्चीत होते. तळहातावर लिंग, आणि तोंड असं की शाळेत बाकावर उभं केलंय. पूजा झाल्यावर म्हणाले, "देव काही बोलला न्हाई. तूच लई बोलतीस."

पुढल्या साली मंगल जिल्ह्याकडून खेळली, दोन्ही पाय मापात भरल्यावरच. अप्पा शेवटपर्यंत खुर्चीतच पूजा करत राहिले. मंगल माहेरी आली की सकाळीच त्यांच्या घरी डोकावून खात्री करून घ्यायची.

गेल्या साली अप्पा गेले. लिंगायत रीतीप्रमाणे समाधीच्या खड्ड्यात त्यांना मांडी घालून बसवलं आणि तळहातावर इष्टलिंग ठेवलं. मंगल माझ्या शेजारी उभी होती. डोळे पुसत हळूच म्हणाली, "बसू दे दादा त्यांना. लई वर्षांनी बसलेत."