कोरडे खड्डे

पाणी खात्यात त्याला सगळे कानमास्तर म्हणायचे. जमिनीखालचा पाइप कुठं फुटलाय ते कानानं हुडकायचं, एवढंच त्याचं काम. हत्यार म्हणजे एक लांब लाकडी काठी. खाली लोखंडी टोक, वर कान टेकायला वाटीसारखी चकती. टोक रस्त्यावर रोवायचं, चकतीला कान लावायचा, डोळे मिटायचे. खाली गळत असलं की काठीतून घुंघुं वर येते. "इथं," असं तो म्हणाला की कुदळवाल्यांनी खणायचं, आणि पाणी निघायचंच.

मुकादम चिडवायचा, "मास्तर, बायकोच्या मनातलंही ऐकू येतं का हो?"

"येतं म्हणून तर कामावर लवकर पळतो."

पन्नाशी उलटली आणि गुडघ्यांनी दगा दिला. नुसतं वाकून उभं राहवेना, तसा तो काठी छातीशी कवटाळून तिच्यावरच अंग टाकायला लागला. गडी थकला, एवढंच लोकांना दिसलं.

मग पहिला खड्डा कोरडा निघाला.

शाळेमागच्या गल्लीत तो "इथं" म्हणाला. खणलं तर पाइप ठणठणीत आणि भोवतीची माती पिठासारखी. होतं एखाद्या वेळी. पण पुढचा खड्डा कोरडा, त्याच्या पुढचाही कोरडा. लोक हसले, मास्तर मात्र हसेना. प्रत्येक गळतीचा आवाज वेगळा असतो. चीर गेली तर शीळ वाजते, सांधा सुटला तर गुरगुर येते. हा आवाज सगळीकडे एकच होता. न थांबणारा, चढत उतरत राहणारा, जसं खाली कुणीतरी दम न घेता पाणी पीत बसलंय.

एके दिवशी तो मुद्दाम जुन्या गोदामाच्या आवारात गेला. तिथला पाइप त्याच्या देखत उपटून नेला होता. काठी रोवली. खाली पाणी वाहत होतं. तिथून तो कचेरीच्या गच्चीवर चढला. जिन्यात दोनदा दम खायला थांबावं लागलं, हल्ली लागायचंच. गच्चीच्या कोरड्या सिमेंटवर काठी टेकली. तिथंही पाणी. दुपारचं ऊन टाळूवर होतं आणि त्याच्या अंगावर काटा आला. पाणी आपल्या मागं मागं हिंडतंय, असं त्याला वाटलं.

मुकादमानं बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, लोक आता माझ्या दारात येऊन शिव्या घालतात. अजून एक कोरडा निघाला तर काठी जमा करा आणि भांडारात बसा."

काठी गेली तर कानमास्तर उरणार काय, नुसता म्हातारा.

तो काठी घेऊन घरी आला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर टोक टेकवून बायकोला म्हणाला, "ऐक."

तिनं ओल्या हातानं काठी धरली, कान लावला. "काही नाही."

"नीट ऐक. वाहतंय खाली."

"काय वाहतंय? डोकं फिरलंय तुमचं."

त्यानं काठी हिसकावून छातीशी धरली, कान लावला. होतं. "आता ये, आता लाव," तो ओरडला. काठी त्यानं तशीच कवटाळून ठेवली. तिनं पुढं होऊन चकतीला कान लावला आणि तिचा चेहरा सैल पडला.

"हा होय? अहो, हा तर तुमचा आवाज."

"माझा?"

"लग्न झाल्यापासून ऐकतेय. कूस बदलून छातीवर डोकं ठेवलं की हेच. मला वाटायचं पुरुषांची छाती अशीच वाजते. दुसऱ्या कुणाची थोडीच ऐकून बघितलीय!"

मास्तरनं काठी हळूच भिंतीला टेकवली, हातात साप असावा तशी.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि जागा बदलून पुन्हा पुन्हा ऐकलं. मग सोनोग्राफीसारखी तपासणी झाली, मग नसांत रंग सोडून फोटो काढले. पडद्यावर त्याचं हृदय दिसलं, त्याच्यावर नळ्यांचं जाळं आणि एक नळी गांडुळासारखी फुगून वेडीवाकडी झालेली.

"हृदयाला रक्त पुरवणाऱ्या या धमन्या," बाई म्हणाल्या. "हिला जन्मापासूनच आडवाट आहे. फार क्वचित सापडतं असं. हृदयाच्या मांसाला मिळायचं रक्त मधल्यामध्ये उजव्या कप्प्यात गळतंय. म्हणून दम लागतो."

"गळतंय?"

"गळतंय."

"म्हणजे मी बरोबरच होतो," मास्तर बायकोकडं बघून म्हणाला. "जागा तेवढी चुकली."

बाईंनी उपाय सांगितला. छाती उघडायची नाही, मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची आणि आडवाटेत तारेची गुंडाळी सोडायची. तिच्यावर रक्त गोठतं, वाट बुजते. गुंडाळी सरकली आणि चांगली वाट बुजली तर झटका येऊ शकतो, हेही सांगितलं. ठेवलं तसंच, तर हृदय थकत जाणार.

मास्तरला भीती वेगळीच. "जन्मापासून तो आवाज माझ्यात आहे," तो बायकोला म्हणाला. "बंद झाला तर मी आहे हे मला कळायचं कसं?"

"मी सांगेन की," ती म्हणाली.

त्या दिवसांत त्याला एकच स्वप्न पडे. खड्डा भरत येतोय, तो हात घालतो, तर पाणी कोमट.

उपचार झाला तेव्हा तो जागाच होता. मांडी बधिर, डोळे पडद्यावर. फुगलेल्या नळीत काळी गुंडाळी उतरली, आणि थोड्या वेळानं पलीकडं रंग जायचा थांबला. बाईंनी आपली ऐकायची नळी त्याच्या कानात दिली. नुसते ठोके. मागचं पाणी गेलं होतं.

"मी आहे ना?"

"आहात, म्हणून तर विचारताय."

घरी आल्यावर दुपारी बायकोनं सवयीनं छातीवर डोकं ठेवलं आणि लगेच उचललं. "रिकाम्या घरात शिरल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. तो झोपला की ती नाकाखाली बोट धरून बघायची.

रजेवर जाताना जमा केलेली काठी मुकादमानं परत दिली. "शेवटची संधी, मास्तर."

बाजाराच्या रस्त्यावर पाण्याचा जोर कमी झाला होता. मास्तरनं काठी अंगापासून लांब धरली. गुडघे कळवळले. रोवली, काही नाही. पुढं सरकला, काही नाही. रस्त्याला इतकं मुकं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. आवाजाबरोबर कानही गेला की काय, या धास्तीनं त्याला घाम फुटला. मग वळणावर काठीतून वर आलं. चढत, उतरत, दम न घेता. तोच आवाज.

त्यानं कान काढला. दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तिथं नुसते ठोके. पुन्हा कान लावला.

"इथं," तो म्हणाला, पण इतक्या हळू की मुकादमाला दोनदा विचारावं लागलं.

कुदळवाले खणत गेले. माती आधी काळी झाली, मग चिकट, आणि एकदम खड्ड्यात पाणी उसळलं. पोरं ओरडली, मुकादमानं टोपी काढून डोकं खाजवलं. मास्तर मात्र खड्ड्याच्या कडेला पालथा पडला होता आणि त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला होता.

"काय शोधताय?" मुकादमानं विचारलं. "पाइप दिसतोय की."

पाणी गार होतं, कोमट नव्हतं. मास्तर उठला, हात पँटला पुसला आणि त्यानं काठी उचलली.