घडीची सायकल

मूल शहराहून बस मी शिकवायचे त्या गावच्या फाट्यापर्यंतच जायची. पुढे शाळेपर्यंत चार किलोमीटर पायी. म्हणून पन्नाशीत मी नागपूरहून घडीची सायकल आणली. पहिल्याच दिवशी कंडक्टरबाई दारात आडव्या आल्या.

"मॅडम, सायकल आत नाई चालत."

मी खटके दाबले, सायकल मिटवली आणि हातात उचलली.

"अगं माय! पुन्हा करून दाखवा मले!"

मी दाखवलं. ड्रायव्हरभाऊही बघायला खाली उतरले. मग बाईंनी स्वतःच सायकल उघडली आणि तिकिटाचं मशीन गळ्यात घेऊन स्टँडला चक्कर मारली. खिडक्यांमधून टाळ्या वाजल्या. बस उशिरा सुटली, पण फाट्यापासून धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यानं मी हँडल सोडून, मोठ्यानं गात शाळेत गेले.