पत्र्यावरचा चौक

ओल्या शेणाचा वास आला की मला ताईचं लग्न आठवतं. आमचं कुडाचं घर रस्त्याच्या कामात गेलं होतं आणि आम्ही तलासरीजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. आम्हा वारल्यांमध्ये घराच्या भिंतीवर देवीचा चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणून मावशीने सकाळीच पत्रा शेणाने सारवला, वर गेरू दिला आणि तांदळाच्या पिठाने देवी काढली. पण ऊन चढलं, पत्रा तापला आणि सारवणाचे पोपडे सुटू लागले. गाणी गाऊन लग्न लावणारी म्हातारी धवलेरी दारातच थबकली. "देवीला कुठं बसवू? या डब्यात?" मामा म्हणाला, "फडक्यावर काढू ना." "फडक्याला घर म्हणतात का रं?" शेवटी आईने सुटणाऱ्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे दाबले आणि म्हणाली, "गा बाय, लवकर गा." पत्रा पोळत होता आणि गाणं लांब होतं. मी दुसरा कोपरा धरायला गेले, तर देवीचा हातच माझ्या बोटांना चिकटून आला. धवलेरीने ते पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. आता कॉलेजात मैत्रिणी विचारतात, "तुमच्या घरी भिंतीवर खरंच अशी चित्रं असतात?" मी हो म्हणते. ती भिंत पत्र्याची होती, ते सांगत नाही.