तारमास्तरांचं भरलेलं घर

आमच्या तारमास्तरांइतका कमी बोलणारा आणि इतक्या जिवांचं ऐकून घेणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. परतूरच्या अलीकडे रेल्वेलाईनीवर जे मोठंसं गाव आहे, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षिका होते. माझे यजमान नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला, रोज अपडाऊन करायचे. आमची भिंत आणि तारमास्तरांची भिंत एकच. ते पोस्टात तार घ्यायचे आणि पाठवायचे. सगळा जन्म शब्द वाचवण्यात गेल्यामुळे घरातही ते तारेतच बोलत. तब्येत विचारली तर उत्तर यायचं, "सर्दी. गंभीर नाही." त्यांच्या लग्नाची गोष्ट काकू, म्हणजे त्यांची बायको, पदर तोंडाला लावून सांगायच्या. मुलगी बघायला आलेल्या मास्तरांना मुलीच्या वडिलांनी पसंती विचारली. मास्तर पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाले, "पसंत. तारीख कळवा." आणि चपला घालून स्टेशनकडे चालायला लागले. पुढे मुलगा झाला तेव्हा सासुरवाडीला त्यांनी "मुलगा दोघे ठीक" एवढंच कळवलं. तिकडे दोघे म्हणजे कोण कोण यावर दोन दिवस खल झाला.

तार पोचवणारा शिपाई आमच्या पोस्टात कधी टिकला नाही, त्यामुळे तार घ्यायची मास्तरांनी आणि सायकलवर टांग मारून पोचवायचीही मास्तरांनीच. आता फोनच्या दिवसांत सांगून खरं वाटणार नाही, पण त्या काळी खेड्यात तार यायची ती बहुतेक करून कुणीतरी गेल्याचीच. बढती, बारसं, नोकरी हे सगळं पोस्टकार्डावर सावकाश यायचं. मास्तरांची सायकल एखाद्या गल्लीत वळली की ओट्यावरच्या बाया उठून आत जात आणि ती कुठल्या दारात थांबते ते खिडकीतून बघत. त्यांच्याशी कुणी वाईट वागलं असं नाही. पण कुणी "या, बसा" असंही म्हटलं नाही. लग्नाच्या पंगतीतही त्यांच्या शेजारचा पाट सगळ्यांत शेवटी भरायचा.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पहिलं कुत्रं आणलं. सेलूच्या फलाटावर कडेला पडलेलं, मागचा पाय रुळावर गेलेला. त्याचं नाव सेलू ठेवलं. मग मानवत रोडची मांजर आली. सातोन्याची दोन पिल्लं आली, त्यातलं एक सातोना आणि दुसरं धाकटा सातोना. जिथे सापडलं त्या स्टेशनाचं नाव, असा हिशोब. संध्याकाळी मास्तर ओट्यावर भाकरीची टोपली घेऊन उभे राहत आणि हाका मारत. रांजणी, उस्मानपूर, सातोना, सेलू... आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेले माझे सासरे पहिल्या दिवशी पिशवी घेऊन उठलेच, त्यांना वाटलं गाडी आली. मला ते तेव्हा फार गोड वाटायचं. शाळेतून आल्यावर मी चहाचा कप घेऊन भिंतीपाशी उभी राहायचे आणि आज गाडी कुठवर गेली ते ऐकायचे. पहिल्या वर्षी ती परभणीच्या पुढे गेली नाही. दुसऱ्या वर्षी पूर्णा ओलांडून नांदेडला पोचली.

मग मास्तरांना स्टेशनावर जायचीही गरज उरली नाही. गावाला कळलं होतं. कुणाच्या कुत्रीला पिल्लं झाली की पहाटे पोतं मास्तरांच्या फाटकाला लटकलेलं असायचं. वीटभट्टीवाल्यांनी लंगडं गाढव आणून बांधलं. कुणी डोळ्यांवर पांढरा पडदा आलेलं वासरू सोडून गेलं. हीच माणसं वाण्याच्या दुकानात मास्तरांना हसायची, आणि आपल्याकडचं म्हातारं जनावर त्यांच्याकडे द्यायची. मास्तर कुणाला नाही म्हणाले नाहीत. एकदा मी विचारलं, इतक्यांचं कसं होणार? ते म्हणाले, "आले. राहू द्या."

काकूंनी पुष्कळ सोसलं. देवघरात मांजर व्यायली तेव्हा त्यांनी देव फडताळात हलवले. गादीवर कुत्री झोपायला लागली तेव्हा त्या जमिनीवर झोपायला लागल्या. मग जमीनही उरली नाही. त्यांचा मुलगा औरंगाबादला नोकरीला होता. एका सकाळी तो रिक्षा घेऊन आला आणि काकू वळकटी घेऊन बाहेर आल्या. आमच्या भिंतीपाशी थांबल्या.

"पोरी, मला त्यांचा राग न्हाई गं," त्या म्हणाल्या. "मला बसायलाच जागा राह्यली न्हाई."

मास्तर फाटकाशी उभे होते. बायको जाते आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. रिक्षा गेल्यावर त्यांनी फाटक लावलं, आणि त्या दिवसापासून खिडक्याही लावून घेतल्या. मांजरं बाहेर जातात आणि लोक दगड मारतात, असं कारण दिलं.

त्यानंतर भिंतीपलीकडची गाडी ऐकणं मी सोडून दिलं. ती सिकंदराबादला पोचून पुन्हा रांजणीपासून सुरू झाली होती. एका नावाला तीन-तीन जीव धावत यायचे आणि त्यांतल्या एकालाच भाकरी मिळायची. मास्तर स्वतः अर्धी खायचे. त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. वास तर असा की आमच्या घरी पाहुणे येईनासे झाले. एकदा मी डब्यात भात घेऊन गेले आणि ते नको म्हणायच्या आधीच आत शिरले. भर दुपारी आत अंधार होता. मुताच्या वासाने डोळ्यांतून पाणी आलं. कपाटांवर, चुलीच्या ओट्यावर, काकूंच्या शिवणयंत्रावर नुसते डोळे चमकत होते. कोपऱ्यात एक मांजर आडवी पडलेली होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या. मी तिकडे बघितलं, तसं मास्तर म्हणाले, "झोपलीय." आणि एका कापडाने त्यांनी हलकेच माशा उडवल्या. मी डबा ठेवून बाहेर आले. मास्तरांच्या मुलाला कळवलं, तो आला, फाटकातूनच वडिलांशी भांडला आणि परत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गावात एक कुत्रं पिसाळलं. ते मास्तरांचं नव्हतं, पण लोकांचं भय गोळा होऊन मास्तरांच्या फाटकाशी येऊन थांबलं. ग्रामपंचायतीची माणसं आली, पोलीसपाटील आले, आणि जनावरांच्या दवाखान्यात नुकत्याच बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांनी दारात उभं राहून एकच शब्द विचारला, "हुकूम?" सरपंचांनी कागद दाखवला. सरकारी माणूस तो, हुकूम म्हटल्यावर बाजूला झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाळी लावून त्यात जनावरं चढवली. सकाळपासून ऊन तापेपर्यंत ते चाललं होतं. कुत्री चावत होती, मांजरं माणसांच्या हातांवरून वर चढत होती, गाढव तेवढं शहाण्यासारखं मागून चालत गेलं. जे जे बाहेर येईल त्याला मास्तर नावाने हाक मारत होते. कुणाला न घाबरवता, अगदी भाकरी द्यायच्या वेळच्याच आवाजात. बघायला जमलेले लोक पहिल्यांदा हसले. नंतर कुणी हसलं नाही.

जनावरं पकडायचा विचार सगळ्यांनी केला होता. पुढे काय, हा कुणीच केला नव्हता. त्यांना मोकाट गुरांच्या कोंडवाड्यात घातलं. चार भिंती, एक कडुलिंबाचं झाड आणि एक हौद. कुत्री मांजरांवर तुटून पडली, मग मांजरांना पत्र्याच्या खोलीत कोंडलं, तिथे उन्हाने पत्रा तापला. पंचायतीचा माणूस सकाळी शिळ्या भाकरी भिंतीवरून टाकायचा. पण ती अंधाराला सरावलेली जनावरं उजेडात डोळे मिटून भिंतीला चिकटून बसली, भाकरीकडे ढुंकूनही बघेनात. रोज एकदोन मरायला लागली. डॉक्टरीणबाई एकट्या, औषधाचा तुटवडा, आणि मदतनीस रजेवर. त्या माझ्याकडे शाळेत आल्या आणि म्हणाल्या, मास्तरांना तिकडे येऊ द्यायचं नाही असं पंचायतीत ठरलंय, पण तुम्ही त्यांना घेऊन या, नाहीतर एकही वाचायचं नाही.

मास्तर रिकाम्या घरात भिंतीला टेकून बसले होते. दारं-खिडक्या सताड उघडी. मी निरोप सांगितला. "परवानगी नाही," ते म्हणाले. डॉक्टरांनी स्वतः बोलावलंय म्हटल्यावर उठले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी टोपी घातली.

कोंडवाड्याचं फाटक उघडताच आत एक हालचाल झाली. भिंतीला चिकटलेली कुत्री उठली, धडपडत, एकमेकांवर पडत मास्तरांकडे आली. मास्तर खाली बसले. हात पुढे केला. आणि तो हात तसाच थांबला. वरून ऊन पडत होतं आणि त्यांना पहिल्यांदा सगळं दिसत होतं. खरजेने केस गेलेली कातडी, मोजता येतील अशा बरगड्या, वाढून तळव्यात रुतलेली नखं, पुवाने चिकटलेले डोळे. ते एकेकाला जवळ घेऊन बघत राहिले. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे इथं झालं?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या त्यांच्या शेजारी मातीतच बसल्या.

"न्हाई मास्तर. इथं येऊन चारच दिवस झालेत. हे जुनं आहे."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते बोलले, आणि मी त्यांना सलग इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"मी सायकल लावली की बाया रडायला लागायच्या. तार हातात घ्यायच्या आधी. लेकरं घरात पळायची. नोकरी संपली तरी लोक मला बघून दचकायचे. हे सेलू तेवढं मला बघून शेपूट हलवायचं. मला वाटलं, असे जितके होतील तितके बरे. मंग मी दार लावून घेतलं, आणि मला दिसायचं बंद झालं. मी लई वाईट केलं बाई."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दिसलंय ना, मग उठा, पाणी गरम करायचंय.

त्या उन्हाळ्यात मास्तर दिवस उगवला की कोंडवाड्यात असायचे. गंधकाचं मलम चोळायचे, नखं कापायला जनावर धरायचे, पत्र्यावर ओली पोती टाकायचे. काही जनावरं वाचणार नव्हती. त्यांना सुई द्यायची वेळ आली तेव्हा बाई त्यांना बाहेर जा म्हणाल्या. ते गेले नाहीत. प्रत्येकाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सेलूचंही. त्याला लिंबाखाली पुरलं आणि मास्तर हौदाच्या नळावर हात धुवायला गेले, ते पाणी वाहत असताना बराच वेळ तिथेच उभे राहिले.

बऱ्या झालेल्या जनावरांना मी आणि डॉक्टरीणबाईंनी घरं शोधून दिली. शाळेत पालकांना विचारलं. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, राखणीला कुत्रं हवं असतंच. गाढव परत वीटभट्टीवर जाऊ नये म्हणून मास्तरांनी ते एका परटाला दिलं. एक आंधळी कुत्री होती, तिला कोण नेणार म्हणून आम्ही आशा सोडली होती. बुद्धविहारामागे राहणाऱ्या अंगणवाडीच्या ताई आल्या आणि म्हणाल्या की त्यांची आई पण आंधळी आहे, दोघी ओट्यावर बसतील. मास्तर प्रत्येक घर स्वतः पाहून यायचे. लांब उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून. जनावर खातं आहे एवढं दिसलं की तिथूनच परत फिरायचे.

शेवटी एक तांबूस मांजर उरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला तुम्हीच ठेवा, घरात सोबत होईल. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"नको. मला एकावर थांबता येत न्हाई."

मांजर बाईंनी स्वतःच्या घरी नेली. घराला चुना लागला, फरशी सोड्याने धुतली, आणि दिवाळीच्या आधी काकू परत आल्या. त्या आल्या त्या दिवशी मास्तर स्टेशनावर गेले होते. दोघं बरोबर चालत आली, वळकटी मास्तरांच्या खांद्यावर.

पुढे आम्ही जालन्याला राहायला आलो. गावात एसटीडीचे बूथ झाले, तारेचं यंत्र बंद पडलं. चार-पाच वर्षांनी एका लग्नाला तिकडे जाणं झालं, तेव्हा मी मास्तरांकडे डोकावले. ते थकले होते, पण सदरा अंगाला बसत होता. काकूंनी चहा टाकला. आम्ही बोलत होतो तोच ते परसात गेले आणि परत आले, ते ओंजळीत एक पिल्लू घेऊन. डोळे नुकते उघडलेलं, काळं, ओल्या पोत्याचा वास येणारं. रात्री कुणीतरी फाटकाशी ठेवून गेलं होतं. काकूंचा चेहरा मी बघितला. त्या चुलीपुढून उठल्या.

मास्तरांनी ओंजळ माझ्यापुढे धरली.

"घेऊन जा, बाई. आजच. उद्या मी देणार न्हाई."

मी पिल्लू उचलून पदरात घेतलं. ते कुईकुई करायला लागलं. मास्तर माझ्याकडे किंवा त्याच्याकडे बघत नव्हते, समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे बघत होते, आणि त्यांचे हात रिकामे झाले तरी ओंजळीसारखेच राहिले होते. काकू आल्या, त्यांनी त्या ओंजळीत गरम चहाचा कप ठेवला आणि वरून आपल्या हाताने बोटं मिटवली.