द्राक्षाच्या घडाचे बिल्ले

नव्वदच्या दशकात सुट्ट्या पैशांची फार बोंब होती. पेठ रोडला आमचं देशी दारूचं दुकान होतं आणि गल्ल्यावर मी बसायचो. किराणावाले सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं देऊन मोकळे व्हायचे. मी जरा जास्त डोकं लढवलं. भद्रकालीतल्या एका तांबटाकडून रुपयाएवढे पितळी बिल्ले पाडून घेतले, वर द्राक्षाचा घड. रुपया परत द्यायचा असला की बिल्ला. रिकामी बाटली आणून दिली तरी एक बिल्ला. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आमच्याच दारात. या अकलेचा मला भलताच माज होता.

थोड्याच दिवसांत शेजारचा गिरणीवाला दळणाचे पैसे म्हणून बिल्ले घेऊ लागला आणि माझ्याकडे रोख मागायला आला. मी साफ सांगितलं, बिल्ल्याची फक्त दारू मिळेल. त्याने घेणं बंद केलं.

द्राक्षबागांच्या कामाला पेठ तालुक्याच्या डोंगरातून आलेली कुटुंबं दुकानामागे पालं ठोकून राहायची. त्यांतली एक बाई नवऱ्याच्या खिशातले बिल्ले रोज काढून लपवायची. तेवढीच त्याची दारू कमी होईल, हा तिचा हिशेब. एका दुपारी तिने बिल्ल्यांचा भरलेला डबा माझ्यापुढे उपडा केला.

"शेठ, याचे पैसे द्या. घरवाल्याला रगताची उलटी झाली. रिक्षानं दवाखान्यात न्यायचा हाय."

"बाई, बिल्ल्याचे पैसे मिळत नाहीत. हवी तर तेवढ्याची दारू घेऊन जा."

एकीला दिले तर उद्या सगळी पालं डबे घेऊन येतील, एवढंच माझ्या डोक्यात. गल्ल्यात रिक्षापुरते पैसे होते. तिने रिकामा डबा उचलला.

"द्या मंग. लय ओरडतो. झोपंल तरी."

मी बिल्ले मोजून घेतले आणि तिला दोन बाटल्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या बाटल्या परत करायला आली. कपाळावर कुंकू नव्हतं. मला कळायचं ते कळलं. हात मात्र सवयीने ड्रॉवरमध्ये गेला आणि मी तिच्यापुढे दोन बिल्ले ठेवले. आजही ते आठवलं की मला माझीच शिसारी येते.

"आता पिनारा कोन हाय, शेठ?" ती म्हणाली आणि बिल्ले तिथेच ठेवून गेली.

संध्याकाळी मी ते दुसऱ्या कुणाला तरी सुट्टे म्हणून दिले.