नावापुरता डिस्ट्रिब्यूटर

चांगुलपणाची मला हौस आहे आणि ती मला नेहमी नडते. गेल्या हिवाळ्यात ती बाबांना नडली.

बराकपूरच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची जुनी गाडी असते. खिदिरपूरच्या गोदीत नोकरी लागली तेव्हा नाशिकहून ती त्यांनी स्वतः चालवत आणली होती. इंजिन पार थकलं, म्हणून मी मल्लिकबाजारातली जुन्या सुट्या भागांची दुकानं पालथी घालून दुसरं जुळवलं. ब्लॉक एका गाडीचा, हेड भलत्याच गाडीचं. आठवडाभर मी ऑफिसात स्क्रीनसमोर बसतो; रविवारी हात काळे झाले की जरा माणसात आल्यासारखं वाटतं.

अडचण आली रेडिएटरची. या इंजिनाला मोठा रेडिएटर लागत होता आणि त्याचा खालचा रबरी पाइप नेमका इंजिनाला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला अडत होता. खरं तर डिस्ट्रिब्यूटरचं काम संपलं होतं. ठिणगी कधी पाडायची हे आता क्रँकपाशी बसवलेला सेन्सर आणि एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी ठरवणार होती. डिस्ट्रिब्यूटर काढून भोकावर झाकण बसवलं असतं, तर पाइप सरळ गेला असता.

पण टायमिंग, म्हणजे ठिणगीची नेमकी वेळ, लावणं हे बाबांचं काम. इंजिन चालू ठेवून, बोल्ट सैल करून ते डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि आवाज मनासारखा लागला की बोल्ट आवळायचे. गोदीतही एखादं इंजिन रुसलं की त्यांनाच बोलावणं यायचं. हे त्यांच्या हातून काढून घेणं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी डिस्ट्रिब्यूटर टोपी आणि दिखाऊ वायरींसकट जागेवर ठेवला आणि पाइपाला वळसा देऊन त्याच्या बाजूने नेला. पाइप कुठे घासत नाही ना, पंख्याला लागत नाही ना, हे तपासताना मला माझंच कौतुक वाटत होतं. बायकोला म्हणालोसुद्धा, "बाबांना कळणारही नाही." ती म्हणाली, "त्यापेक्षा सांगून टाक ना सरळ." तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

"बाबा, टायमिंग तेवढं तुम्ही लावा," मी म्हणालो.

ते खुलले. बाह्या वर सारून त्यांनी बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्यूटर फिरवला, मान तिरकी केली. आणखी फिरवला. मग उलटा फिरवला. इंजिन आपलं एका सुरात चालू. माझी कल्पना अशी की, ते थोडं इकडेतिकडे करतील, "लागलं" म्हणतील आणि आम्ही चहा प्यायला बसू. आपल्या बापाला मी इतकं कमी ओळखत होतो. डोळे मिटून ते खूप वेळ ऐकत राहिले. मग पाना माझ्या हातात दिला.

"तू लाव. मला फरक कळत नाहीये."

"अहो, लागलंय की. छान लागलंय," मी म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर आत्याचा फोन आला की ते आईकडे देऊ लागले. संध्याकाळी गंगेच्या घाटावर गप्पा मारायला जाणंही बंद केलं. कुणी काही विचारलं आणि ऐकूच आलं नाही तर उगाच शोभा, असं आईला म्हणाले. हे कळल्यावर येणारेजाणारे त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागले. आई वैतागायची. "आतल्या खोलीतून यांना कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि म्हणे कान गेले!" मी ताटात बघून जेवत राहायचो. आज सांगू असं रोज ठरवायचो, आणि आता सांगितलं तर आपण किती क्षुद्र दिसू, म्हणून रोज गिळायचो. लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायीच गप्प होतो.

शेवटी तेच म्हणाले, "कानाचं मशीन घेऊन टाकू."

एस्प्लनेडजवळच्या एका दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेलो. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मी बाहेरून बघत होतो. परीक्षेला बसल्यासारखे ते ताठ बसले होते. त्यांना तिथे मी बसवलं होतं, आणि निकाल मला आधीच माहीत होता. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून हसल्या. "काकाबाबू, आपके कान तो बिलकुल ठीक हैं. मशीन किसलिए?"

रस्त्यावर आल्यावर बाबा फुटपाथच्या कडेला थांबले.

"म्हणजे तो डिस्ट्रिब्यूटर कशालाच जोडलेला नाही."

"नाही."

"माझ्यासाठी ठेवलास?"

"हो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." बोलताना मला त्यांच्याकडे बघवेना.

ते चिडले असते तर सुटलो असतो. ते चिडले नाहीत. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाकीचे मोठ्याने बोलत होते, त्यांचं मी समजू शकतो. पण तुला तर माहीत होतं. तू का माझ्याशी ओरडून बोलत होतास?"

मी खरंच तसा बोलत होतो, रोज, जेवायला हाक मारतानासुद्धा.