फलकावरची विहीर
चकचकीत कागदाचा वास आला की मला खुटबावची आमची विहीर आठवते. पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकबाई फोटोग्राफरला घेऊन आल्या होत्या. इतकी वर्षं हॉटेलं आणि कपडे छापले, आता गावाकडचं जगणं छापायचंय, असं त्या सांगत होत्या. चुलत्यांनी चहा दिला, पण दोघांवरची नजर काही हटवली नाही. विहिरीचा एक फोटो झाला आणि फोटोग्राफर बांधच न्याहाळत बसला. मग बाईंनी शेताचा गट नंबर विचारला. “ताई, फोटूला गट नंबर कशाला लागतोय?” चुलते म्हणाले. “वाचकांना जागा कळावी म्हणून,” बाई हसल्या. चुलत्यांनी नंबर सांगितला नाही. मासिक केव्हाच बंद पडलं. आता बांधापलीकडं फार्महाऊसचे प्लॉट पडलेत, आणि विक्रीच्या फलकावर फोटो मात्र त्या दिवशीचा, आमच्याच विहिरीचा आहे.